मॅग्नम रायफलसाठी फुटून भुगा न होणारी बुलेट कशी निवडायची

आधीच सांगून टाकतो, हे सगळं अमेरिकेतल्या लायसन्स काढून केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण इकडे कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टानाच्या बाजूला राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायची हौस असते, मग दुकानदार .३०० विनचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस) गळ्यात मारतो, आणि माणूस रायफल आणि स्कोपवर महिनाभर डोकं लावून शेवटी शेल्फवरचा गोळ्यांचा सगळ्यात स्वस्त बॉक्स उचलून घरी येतो. जनावराला लागणार आहे ती गोळी, रायफल नव्हे, तर जरा उलटं सुरू करूया.

आधी बुलेट फुटते का ते समजून घ्या

साध्या शिकारी बुलेटमध्ये आत शिसं असतं आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ जॅकेट. जनावरात शिरली की पुढचं टोक फुलतं, छत्रीसारखं पसरतं आणि रुंद जखम करत आत जातं, हे व्हायलाच हवं. वेग खूप वाढला की मात्र गणित बिघडतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. .३०-०६ या नेहमीच्या, मॅग्नम नसलेल्या काडतुसातून १८० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट २७०० फूट प्रति सेकंदाने निघते, तीच .३०० वेदरबी मॅग्नममधून ३२०० च्या वर जाते, म्हणजे वेग जेमतेम वीस टक्के जास्त पण ऊर्जा चाळीस टक्क्यांच्या वर. विहिरीत उंचावरून उडी मारताना पोट आपटलं की पाणी किती कडक लागतं ते ज्याने अनुभवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात खांद्याचं हाड मध्ये आलं तर जॅकेट सोलून निघतं, शिसं वेगळं होतं, वरवर मोठी जखम होते पण फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही आणि जनावर जखमी होऊन पळतं. यापेक्षा वाईट काही नाही.

जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला हे १९४६ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियात कळलं. .३०० एचअँडएच मॅग्नम घेऊन मूसच्या (प्रचंड आकाराच्या हरणाच्या) मागे गेलेला, मूसच्या अंगावर चिखल वाळलेला, आणि बुलेटा वरच्यावरच फुटत होत्या. घरी येऊन त्याने जॅकेटच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असलेली बुलेट बनवली, पुढचं शिसं फुलू दे, मागचं भिंतीमागे सुरक्षित. तीच नॉस्लर पार्टिशन, १९४८ पासून बाजारात आहे आणि आजही लोक तीच मागतात.

पहिलं काम: बॉक्सवरचा वेग विसरा, लागतानाचा वेग काढा

बॉक्सवर लिहिलेला वेग नळीच्या तोंडाशी असतो, तोही बहुतेक वेळा २४ किंवा २६ इंची टेस्ट बॅरलमधला. तुमची नळी २२ इंच असेल तर वेग कमी मिळणार, एका इंचाला साधारण २५ फूट प्रति सेकंद धरा. कुणाकडे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर मागून घ्या, तो नंबर खरा. मग गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर फुकट बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर असतात त्यात वेग आणि बुलेटचा बीसी (बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बुलेट हवा किती सहज कापते त्याचा आकडा) टाका. समुद्रसपाटीपासूनची उंची टाकायला विसरू नका, कोलोरॅडोत नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ असते त्यामुळे बुलेटचा वेग लांबपर्यंत टिकतो.

उदाहरण द्यायचं तर .३०० विन मॅगची १८० ग्रेन बुलेट २९६० ने निघाली तर १०० यार्डवर साधारण २७५० च्या आसपास असते आणि ४०० यार्डवर २२०० च्या आसपास. आता दोन आकडे कागदावर लिहा, एक सगळ्यात जवळच्या शॉटचा आणि एक तुम्ही खरोखर मारू शकता अशा सगळ्यात लांबच्या शॉटचा (खरोखर म्हणजे खरोखर, रेंजवर बेंचवरून नाही, डोंगर चढून धाप लागलेली असताना). पुढची सगळी निवड या दोन आकड्यांवर आहे. लोक लांबच्या शॉटची काळजी करतात आणि बुलेट फुटते ती जवळच्या शॉटला, झाडीतून एल्क अचानक ४० यार्डवर उभा राहतो तेव्हा.

दुसरं: बुलेटची जात ठरवा

जवळचा आकडा २६००-२७०० च्या आत असेल तर उगाच खर्च करू नका. रेमिंग्टन कोअर-लॉक्ट १९३९ पासून विकली जातेय आणि .३०-०६ च्या वेगाला हरणासाठी मस्त चालते.

आकडा २८०० च्या वर गेला की साध्या कप-अँड-कोअर (वर सांगितलेल्या पातळ जॅकेट आणि शिशाच्या) बुलेटवर माझा तरी भरवसा नाही. इथून पुढे तीन रस्ते आहेत.

एक म्हणजे पार्टिशन. ही पुढचं शिसं बरंचसं टाकून देते, जनावरातून काढली तर वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग उरलेला असतो, आणि ते बघून नवीन लोक नाक मुरडतात. पण मागचा भाग सरळ आत जात राहतो, कामच ते आहे. उरलेलं वजन किती टक्के हा एकच आकडा धरून बसू नका.

दुसरा रस्ता बाँडेड, म्हणजे शिसं जॅकेटला रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने चिकटवलेलं असतं, सोलून निघत नाही. नॉस्लर ॲक्युबाँड, स्विफ्ट सिरोको, नॉर्मा ओरिक्स, फेडरल टर्मिनल असेंट ही त्यातली नावं. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये तर भिंतही आहे आणि पुढचं शिसं बाँडेडही आहे, महाग आहे पण अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावरांसाठी लोक डोळे मिटून घेतात. मॅग्नम रायफल आणि एल्क असं साधं समीकरण असेल तर मी बाँडेडच सांगेन, जवळ टिकते आणि लांबवर १८०० पर्यंत बऱ्यापैकी फुलते.

तिसरा रस्ता पूर्ण तांब्याची. बार्न्सने १९८९ मध्ये एक्स बुलेट आणली, मग टीएसएक्स, टीटीएसएक्स, आणि आता हॉर्नडी सीएक्स, नॉस्लर ई-टिप वगैरे बरेच आहेत. आत शिसंच नाही तर वेगळं काय होणार, पुढच्या टोकाला भोक असतं तिथून चार पाकळ्या उघडतात आणि बहुतेक वेळा ९५ टक्क्यांच्या वर वजन तसंच राहतं. वेग जितका जास्त तितकी ही खूश. कमी वेगाला मात्र कुरकुरते, २००० च्या खाली गेली की पाकळ्या नीट उघडतील याची खात्री नाही, काही मॉडेलं त्याखालीही चालतात पण ते कंपनीने दिलेला किमान वेग वाचून ठरवा.

तांब्याची घ्यायची तर एक वजन खाली या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची बुलेट लांब होते आणि लांब बुलेट स्थिर राहायला नळीतला पीळ जास्त घट्ट लागतो. १८० ऐवजी १६५ किंवा १६८ घ्या, वेगही वाढतो आणि वजन उरतच असल्यामुळे आत जायला कमी पडत नाही. नळी आधी नीट साफ करा, जुन्या बुलेटच्या तांब्याचा थर असेल तर ग्रुप (टार्गेटवर लागोपाठच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) विस्कटतो आणि लोक बुलेटला शिव्या देतात.

आणि मॅच म्हणजे टार्गेटच्या बुलेटा जंगलात नेऊ नका, कितीही छान ग्रुप देत असल्या तरी. जॅकेट पातळ असतं, टोक फुलण्यासाठी बनवलेलं नसतं. दुसऱ्या टोकाला फुल मेटल जॅकेट, ती अजिबात फुटत नाही पण फुलतही नाही, नुसतं छोटं भोक पाडून जाते, आणि बऱ्याच राज्यांत शिकारीला बेकायदा आहे.

तिसरं: कायदा आणि मटण

कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची फुलणारी बुलेट आणि १०० यार्डवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते, .३०० वाल्याला काळजी नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथलं कॉन्डर गिधाड शिकारीच्या अवशेषातलं शिसं खाऊन मरत होतं म्हणून, तर तिथे तांब्याशिवाय पर्याय कमी. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल तर मुळात बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, तेव्हा गोळ्यांचा बॉक्स घेण्याआधी लायसन्स आणि तुमच्या राज्याचे नियम दोन्ही बघून घ्या.

मटण घरी खाणार असाल आणि लहान मुलं असतील तर माझं मत सरळ तांब्याकडे जातं. शिशाच्या बुलेटचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात.

चौथं: विकत घेऊन तपासा

दोन-तीन प्रकारचे एकेक बॉक्स घ्या, १०० यार्डवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारा. दीड इंचात बसलं तरी एल्कसाठी खूप झालं, अर्ध्या इंचासाठी चुकीची बुलेट निवडू नका. रेंजवर परवानगी असेल तर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एकामागे एक ठेवून जवळून मारून बघा, मागे मातीचा बांध असलाच पाहिजे. बुलेट सापडली की रिलोडिंगच्या (घरी काडतुसं भरायच्या) बारीक काट्यावर तोला, १८० ची १५० उरली म्हणजे ८३ टक्के. पाण्यात हाड नसतं त्यामुळे ही परीक्षा पूर्ण नाही, पण जी बुलेट पाण्यातच तुकडे तुकडे होते ती खांद्यात काय करेल ते कळतं.

एकदा ठरलं की त्याच लॉट नंबरचे दोन-तीन बॉक्स एकदम उचला, सीझनच्या तोंडावर शेल्फ रिकामी होतात आणि मग जे मिळेल ते घेऊन पुन्हा झिरो (स्कोपचा नेम जुळवणं) करत बसावं लागतं.