अधोरेखित शब्द आणि हरवलेला फोकस

मोबाइल ब्राउझरच्या चाचणीचे काम मी अमळनेरला घरी बसूनच शिकलो आणि माझ्या वाट्याला आलेली पहिली तक्रार एका ओळीची होती : ‘टॅब बदलून परत आल्यावर टाइप होत नाही.’ दोन दिवस मी टॅब बदलत राहिलो. दर वेळी टाइप होत होते. मे महिन्याच्या उकाड्यात ओसरीवर बसून एकाच पानाशी खेळणारा मुलगा पाहून आईने ‘काय करी राहिना रे?’ असे विचारले, तेव्हा तिला सांगण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी वडिलांच्या २ जीबी रॅमच्या जुन्या फोनवर चौकटीतला मजकूर नाहीसा झाला आणि मी उत्साहाच्या भरात दोष सापडल्याचे कळवून टाकले. ती घाई अंगाशी आली. मेमरी कमी पडली की मागे गेलेले पान अँड्रॉइड फोनवर काढून टाकले जाते आणि परत आल्यावर ते नव्याने लोड होते. तेथे फोकस (टाइप केलेली अक्षरे पानावर जेथे जातात ती जागा) हरवलेला नसतो, पानच दुसरे असते. नवोदितांनी हे दोन प्रकार आधी वेगळे करावेत. त्यासाठी मी एक साधे पान तयार केले : वर पान लोड झाल्याची वेळ, मध्ये मजकुराची चौकट आणि खाली हॅजफोकस (पानाला फोकस आहे का), ॲक्टिव्हएलिमेंट (फोकस पानाच्या कोणत्या भागावर आहे) व व्हिजिबिलिटीचेंज (पान दिसेनासे झाले की पुन्हा दिसू लागले) यांच्या नोंदी. वरची वेळ बदलली, तर पान रीलोड झाले असे समजावे. नोंदी पानावरच छापाव्यात, कारण संगणकावर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत, क्लिक करताच पानाचा फोकस जातो, म्हणजे जे मोजायचे तेच आपल्या हाताने बिघडते.

उलगडा झाला तो केळीमुळे. रावेरचा केळीभाव शोधण्यासाठी मराठी कीबोर्डवर ‘केळी’ एवढेच लिहून, स्पेस न देता, मी दुसऱ्या टॅबवर गेलो आणि परत आलो. कीबोर्ड उघडा होता, कर्सर लुकलुकत होता, पानावरची वेळ तीच होती, नोंदींनुसार फोकसही चौकटीतच होता. तरीही एक अक्षर उमटेना. ‘केळी’खालची बारीक रेघ मात्र तशीच होती. ती रेघ म्हणजे शब्द अजून कीबोर्डच्या ताब्यात असल्याची खूण; स्पेस दिल्यावर किंवा सुचवलेला शब्द निवडल्यावर तो पानाच्या हवाली होतो. स्पेस देऊन टॅब बदलला, तर दहापैकी दहा वेळा सुरळीत. न देता बदलला, तर दहापैकी दहा वेळा बंद. आधीचे दोन दिवस मी कंटाळ्यापोटी मजकूर पेस्ट करत होतो, त्यामुळे ती रेघ कधी उमटलीच नव्हती!

अहवालात ब्राउझर आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीबरोबर कीबोर्डचे नाव व आवृत्तीही मी लिहिली, आणि कोणत्या कृतीने दोष येत नाही तेही नोंदवले. फोनच्या सेटिंगमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यातला स्पर्श दाखवण्याचा पर्याय सुरू करून स्क्रीनचे चित्रण केले, म्हणजे बोट कुठे पडले याविषयी वाद उरत नाही. दोष कधीपासून आला हे शोधण्यासाठी ब्राउझरच्या जुन्या बिल्ड (आधी तयार केलेल्या आवृत्त्या) तपासण्याचे काम यानंतरच हाती घ्यावे. मधोमधची बिल्ड घेत गेल्यास ६४ बिल्डमधून दोषाची पहिली बिल्ड ६ फेऱ्यांत सापडते, पण एका फेरीत जरी कृती चुकली, तरी पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

माझी पहिली नोंद ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आली होती. दुसरी पाठवली त्याच संध्याकाळी अभियंत्याने कळवले, की स्पेस न देता करून पाहिल्यावर त्याच्याही फोनवर टाइप होणे थांबले.