स्थलांतरितांच्या आंतरवांशिक विवाहांचे आकडे कसे वाचावेत
प्रथम पिढ्या वेगळ्या कराव्यात; कारण पहिल्या पिढीतील अनेकांचे विवाह स्थलांतरापूर्वीच मायदेशी झालेले असतात आणि त्यांची गणना नव्या देशातील निवडीत करणे चुकीचे ठरते. मग गटाचा आकार व स्त्री-पुरुष प्रमाण पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले, त्यामागे पंजाबी स्त्रियांची तेथील जवळजवळ पूर्ण अनुपस्थिती आणि वंशभेदी विवाहकायदे होते (असे कायदे कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये, तर संपूर्ण अमेरिकेत १९६७ मध्ये रद्दबातल ठरले); त्यात केवळ समरसता शोधणे मला घाईचे वाटते. आकडा नवविवाहितांचा की सर्व विवाहितांचा, हेही तपासावे: २०१५ मध्ये अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १७ व १० टक्के होते.