बँडोलेरो: मुलांसाठी स्टॉक कार शर्यतीची परवडणारी सुरुवात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातील मुलाने स्टॉक कार शर्यतीचा (रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा) ध्यास घेतला, तर पालकांनी प्रथम बँडोलेरो या छोट्या गाडीची माहिती करून घ्यावी. नॉर्थ कॅरोलायनातील हॅरिसबर्ग येथील यूएस लेजंड कार्स ही कंपनी ती बनवते, तर आयनेक्स ही संस्था शर्यतींचे नियम ठरवते. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलेल्या या गाडीत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे सुमारे 30 अश्वशक्तीचे इंजिन असते, गिअर बदलावे लागत नाहीत आणि वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास जातो. वयाच्या आठव्या वर्षापासून मुलांना ती चालवता येते.

इंजिन सीलबंद असते आणि टायर सर्वांना एकाच प्रकारचे वापरावे लागतात, त्यामुळे पैसा ओतून वेग विकत घेण्याला फारसा वाव उरत नाही. गाडीवर वाचलेला हा पैसा सरावावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

गाडी घेण्यापूर्वी आपल्या घरापासून जवळच्या कोणत्या ट्रॅकवर बँडोलेरोच्या शर्यती नियमित होतात, ते शोधावे. दर आठवड्याला ट्रेलर ओढत दूर जावे लागले, तर स्वस्तात घेतलेली गाडीही महागात पडते. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट मोटर स्पीडवे या मोठ्या ट्रॅकवर उन्हाळ्यात होणारी समर शूटआउट मालिका एकदा तरी मुलासह पाहावी. मोठ्या ट्रॅकच्या पुढच्या सरळ भागाचा उपयोग करून आखलेल्या पाव मैलाच्या अंडाकृती ट्रॅकवर ती भरते, आणि पुढे नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या प्रमुख स्पर्धांमध्ये, नाव कमावलेला बबा वॉलेस लहानपणी बँडोलेरोच चालवत असे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांची तयारी चालते त्या जागेत, जाऊन इतर पालकांशी बोलावे, कारण कोणती जुनी गाडी विकायला निघाली आहे आणि ती कशी वापरली गेली, हे तिथेच नेमके कळते.

जुनी गाडी घेताना घाई करू नये. वरचे कवच काढायला लावून सांगाड्याच्या प्रत्येक जोडावर बोट फिरवावे. वेल्डिंगजवळ केसासारखी बारीक भेग दिसली किंवा एखाद्याच नळीवर ताजा रंग चढवलेला आढळला, तर धडक लपवली असण्याची शक्यता धरावी. पुढची चाके समोरून आणि वरून पाहून सांगाडा वाकलेला नाही ना, याची खात्री करावी. इंजिनाचे सील शाबूत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

यानंतरचा महत्त्वाचा भाग आसनाचा आहे, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. मूल छतावरच्या उघडणाऱ्या झाकणातून आत उतरते. पूर्ण पोशाख आणि हेल्मेट घालून त्याला बसवावे आणि खांदे, बरगड्या व कंबर दोन्ही बाजूंनी घट्ट टेकतात की नाही, ते पाहावे. आधीच्या मुलाच्या मापाचे सैल आसन उशा कोंबून भरू नये. ते बदलण्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा, कारण मूल वाढेल तसे ते पुन्हा बदलावे लागते. सुरक्षा पट्ट्यांवरील तारीख वाचून मुदत संपलेले पट्टे वापरू नयेत, आणि हेल्मेट व मानेचा आधार मात्र नवेच घ्यावेत.

सरावाच्या दिवशी मुलाला सुरुवातीला वेगाचे आकडे सांगूच नयेत. वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटरवरून कुठे पाय उचलायचा आणि बाहेर पडताना स्टीअरिंग केव्हा मोकळे सोडायचे, एवढेच ठरवून थोड्या फेऱ्या माराव्यात, मग थांबून बोलावे. दर वेळी टायरमधील हवेचा दाब थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत वहीत नोंदवावा आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केले, तर कशाचा गुण आला ते कळत नाही.

मोटरसायकलच्या इंजिनाची आणि हाताने गिअर बदलण्याची लेजंड कार ही पुढची पायरी आहे. तिच्यासाठी वय आणि खर्च दोन्ही वाढतात. नॅसकारचा विल्यम बायरन किशोरवयात, संगणकावरील शर्यतींचा सराव करून, थेट लेजंड कारमध्ये उतरला होता. म्हणजे ही पायरी उशिरा गाठली तरी बिघडत नाही. त्यामुळे बँडोलेरोमध्ये मूल शर्यत सलग न चुकता पूर्ण करू लागेपर्यंत नव्या गाडीसाठी पैसे बाजूला काढण्याची घाई करू नये.