फोर्ड ८एन: इलेक्ट्रॉनिक इग्निशननंतरचं मिसफायर कसं गेलं

ट्रॅक्टर १९५१ चा, डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) इंजिनाच्या बाजूला, ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. ओहायोत घरामागचं गवत त्यावरच कापतो. पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे स्पार्क घडवणारे जुन्या पद्धतीचे भाग, काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. सेल्फ मारताच चालू व्हायचा, पण रेस वाढवली की मिसफायर आणि सायलेन्सरमधून फटाके.

कार्ब्युरेटर दोनदा उघडला, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलली, प्लग नवे घातले. तीन शनिवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष प्लगच्या तारांत होता. जुन्या तारांचा गाभा नुसत्या तांब्याचा. त्यांतून उठणाऱ्या विद्युत लहरींमुळे किटमधलं मॉड्यूल (पॉइंटच्या जागी आलेला इलेक्ट्रॉनिक भाग) चुकीच्या क्षणी स्पार्क सोडतं. पॉइंटना याचा काही त्रास नसतो, म्हणून आधी सगळं सुरळीत होतं.

आधी बॅटरीची अर्थची वायर काढली. इथे ती पॉझिटिव्ह, हे विसरू नका. मग एकेक तार काढून त्याच जागी कार्बन गाभ्याची बसवली. सगळ्या एकदम उपटू नका, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-२-४-३ आहे. कॉइलच्या जोडण्या पुन्हा पाहिल्या: निगेटिव्ह टोक स्विचकडे, पॉझिटिव्ह डिस्ट्रिब्युटरकडे. प्लगची गॅप फीलर गेजने ०.०२५ इंच केली. शेवटी टाइमिंग लाइट (स्पार्कच्या क्षणी चमकणारा दिवा) लावून फ्लायव्हीलवरची खूण जुळवली.

काल दोन तास सलग कापणी केली, एकदाही ठसका नाही. प्लगची टोकं आता फिकट तपकिरी दिसतात. आधी काजळीने काळी असायची.

इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवू नका, मॉड्यूल जळतं.