रात्री शिट्टी मारणारा दिवा: पीएफसीची फ्रिक्वेन्सी दोन्ही टोकांना कशी बांधायची

"मॅडम, तो दिवा दिवसा चुप राहते अन् रात्री शिट्टी मारते." वाडीतल्या एका गोदामाच्या चौकीदारदादांचं हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय, कारण निदान त्यातच होतं. रात्री अकरानंतर मीटर लावला तर लाइन २७० व्होल्ट, दिवसा २३०. ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्याच शेडमधला: इनपुट १०० वॅट, चिप एल६५६२ (ही पीएफसी चालवते, म्हणजे लाइनमधून व्होल्टेजच्या लहरीसारखाच करंट घेणारा भाग), कॉइल १ मिलीहेन्री, आउटपुट ४०० व्होल्ट.

ही चिप क्रिटिकल मोडमध्ये चालते. कॉइलचा करंट शून्यावर आला की मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पुन्हा सुरू. म्हणजे फ्रिक्वेन्सी (हा स्विच सेकंदाला किती वेळा चालू होतो) ठरलेली नसते, लाइनच्या प्रत्येक अर्ध्या लहरीत ती वरखाली होते. हिशोब असा: लाइन व्होल्टेजचा वर्ग भागिले (२ × इंडक्टन्स × इनपुट वॅट), त्याला गुणिले (१ − लाइनचं त्या क्षणाचं व्होल्टेज ÷ आउटपुट).

सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सी लहरीच्या शिखरावर येते. २३० ला शिखर ३२५ व्होल्ट, उत्तर ४९ किलोहर्ट्झ. २६५ ला २२. आणि २७० ला शिखर ३८२ वर जातं, आउटपुटशी जेमतेम १८ व्होल्टचं अंतर उरतं, कॉइल रिकामी व्हायला वेळ लागतो आणि फ्रिक्वेन्सी १६.५ किलोहर्ट्झवर येते. २० च्या खाली म्हणजे कानाच्या टप्प्यात. पुष्कळ जण फक्त कमी व्होल्टेजला तपासून मोकळे होतात. तुमच्या फिडरवर रात्री जे सर्वात जास्त व्होल्टेज येतं, त्याला हा हिशोब आधी करा.

उपाय दोन. आउटपुट ४१० केलं तर २७० ला २५ किलोहर्ट्झ मिळतात. त्यासाठी फीडबॅक डिव्हायडरचा (आउटपुट किती आहे ते चिपला कळवणाऱ्या रेझिस्टरांच्या जोडीचा) खालचा रेझिस्टर बदलावा लागतो. वरचा १ मेगओहम असेल तर ६.२९ च्या जागी ६.१३ किलोओहम. पण ओव्हरव्होल्टेजची पातळीही सोबत वर सरकते, ती ४५० व्होल्टच्या कपॅसिटरला झेपते का ते पाहा. मला कोअरची (कॉइलच्या चुंबकीय गाभ्याची) गॅप वाढवून कॉइल ०.७ मिलीहेन्री करणं जास्त पटतं: २७० ला २३.६ किलोहर्ट्झ. क्रिटिकल मोडमध्ये करंटचं शिखर इंडक्टन्सवर अवलंबून नसतं, त्यामुळे वेढे तेवढेच ठेवून गॅप वाढवली तर कोअर सॅच्युरेट होण्याची (चुंबकत्वाने भरून जाण्याची) भीती उलट कमी होते.

याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागते. हाच ड्रायव्हर, ०.७ मिलीहेन्रीच्या कॉइलसह, डिम करून २५ वॅटवर आणला की फ्रिक्वेन्सी चौपट. २३० ला शिखरावरच २८२ किलोहर्ट्झ, शून्याजवळ त्याहून पुष्कळ जास्त. १५० किलोहर्ट्झच्या वर ईएमआय फिल्टरची (स्विचिंगचा गोंगाट लाइनमध्ये जाऊ न देणाऱ्या भागाची) परीक्षा कडक होते, शिवाय मे महिन्यात पत्र्याखालच्या फिटिंगमध्ये मॉसफेट आधीच तापलेला असतो.

एल६५६२ मध्ये वरची मर्यादा घालणारी सोय नाही. डिमिंग हवं असेल तर मी एनसीपी१६११ घेते. लाइन करंट कमी झाला की ती फ्रिक्वेन्सी हळूहळू २० किलोहर्ट्झच्या आसपास उतरवते. एनसीपी१६०५ मध्ये कमाल फ्रिक्वेन्सी एका कपॅसिटरने ठरते. मात्र पूर्ण लोडला शिखरावरची खालची मर्यादा यातली कुठलीच चिप सांभाळत नाही. ती कॉइल आणि आउटपुट व्होल्टेजनेच सांभाळायची.

तपासताना आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाइनपासून वेगळं करणारा), मग डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा). कॉइलभोवती जाड इन्सुलेशनच्या वायरचा एक वेढा घाला आणि स्कोप त्यालाच लावा. ४०० व्होल्टच्या बाजूला प्रोब नेण्याची गरज पडत नाही. डिमरस्टॅट हळूहळू २७० पर्यंत चढवा, शिखरावर थांबून पल्समधलं अंतर मोजा. ५० मायक्रोसेकंदांपेक्षा मोठं (म्हणजे २० किलोहर्ट्झच्या खाली) दिसलं तर गॅप अजून वाढवा. बंद केल्यावर मोठा कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करून मीटरने खात्री करा, मगच बोर्डाला हात लावा.