गरम झाल्यावर फटफटणारी येझदी

थंड असताना पहिल्या किकला सुरू होणारी जुनी येझदी मोटरसायकल दहा-पंधरा किलोमीटरनंतर फटफटून बंद पडत असेल, तर कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) लगेच खोलू नका. आधी टाकीचं झाकण उघडा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र तुंबलंय, तारेने साफ करा. नाहीतर इंजिन गरम असतानाच स्पार्क प्लग काढून इंजिनच्या हेडला (वरच्या धातूच्या भागाला) टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, पेट्रोलची वाफ पेटते) आणि किक मारा. ठिणगी पिवळट, मरतुकडी? पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उघडताना तिथेही चर्रकन ठिणगी उडत असेल तर बहुतेक कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) गेलाय. उष्णतेने त्याचं आतलं इन्सुलेशन दगा देतं. तो बदला, पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटर ठेवा. ठिणगी निळी असूनही आयडल (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग) आपोआप चढत असेल तर क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील तपासा, तिथून हवा आत शिरत असेल.