सणाला कामाची जोड: गावातल्या महिला गटाच्या वर्षाची आखणी

गावात बायकांना वेगळ्या कार्यक्रमासाठी बोलावलं की निम्म्या येत नाहीत, आणि त्यांचा दोषही नसतो. आषाढात खुरपणी असते, आश्विनात सोयाबीनची काढणी, पुढे कापूस वेचणी. एका दिवसाची मजुरी बुडवून कुणी भाषण ऐकायला येणार नाही. पण हळदीकुंकू, नागपंचमी, भोंडला यांना बायका आपणहून जमतात. म्हणून आधी सण धरायचा आणि त्याला एक काम जोडायचं. एका सणाला एकच काम, दोन जोडली की दोन्ही अर्धी राहतात.

आखणी मार्गशीर्षात करा, खरीप आटोपल्यावर. गावातल्या प्रत्येक बचत गटातून दोघी बसल्या तरी पुरे. पैशाचा प्रश्न तिथेच मिटवा. बचतीच्या आणि कर्जाच्या पैशाला सामाजिक कामासाठी हात लावायचा नाही, कारण एकदा तसं झालं की हिशोब जुळत नाही आणि गट फुटतो. दरमहा माणशी 10 रुपयांचा वेगळा सामाजिक निधी ठेवा. बारा जणींच्या गटाचे वर्षाला 1,440 रुपये होतात, पाच गट मिळून 7,200. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात आपलं काम यावं म्हणून मागणी डिसेंबरातच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसली की अर्ज आलाच नव्हता असं ऐकावं लागतं.

हळदीकुंकू. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी हीच, त्यामुळे इथे मेहनत जास्त घ्या. संक्रांत ते रथसप्तमी असा अवकाश असतो, पण तारीख 20 जानेवारीच्या आत धरा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते आणि तिच्यासाठीचे विषय याच गर्दीतून गोळा होतात.

निमंत्रणात ‘सवाष्णींनी यावे’ लिहू नका, ‘गावातील सर्व महिलांनी यावे’ लिहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक शासनाने काढलं. ठराव करणं त्या मानाने सोपं. नवरा गेलेली बाई आली तरी कोपऱ्यात बसते आणि कुंकवाचं ताट तिच्यापुढून निघून जातं, हे थांबवायला आठवडाभर आधी कामाला लागावं लागतं. गावात मान असलेल्या दोन वयस्क बायकांनी तिच्या घरी जावं, तिच्याशी आणि सासूशीही बोलावं. कार्यक्रमात तिला पहिलं काम द्यावं: दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावायचं. एकटीवर हे टाकू नका, दोघी-तिघी बरोबर असू द्या. कुणाला स्वतःला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर फूल, तिळगूळ आणि वाण द्या, आग्रह नको.

वाणाला प्लॅस्टिकचे डबे नकोत, भाजीचं देशी बी द्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत भेंडी, गवार, दुधी लावता येतात. एका घराला भेंडीच्या तीस-चाळीस बिया, म्हणजे दोन-तीन ग्रॅम, आणि दुधीच्या पाच-सहा पुरतात. पुडीवर भाजीचं नाव आणि लावायचा महिना लिहा. संकरित बी दिलं तर त्यातून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही, आणि दरवर्षी पुन्हा विकत आणावं लागतं.

तिळगुळासाठी 1 किलो तीळ, 1 किलो चिक्कीचा गूळ, अर्धा किलो दाण्याचं कूट यात दीडशेच्या आसपास छोटे लाडू होतात. सगळ्या गुळाचा पाक एकदम करू नका, अर्धं मिश्रण वळायच्या आत घट्ट होतं. पाव-पाव किलोचे घाणे काढा आणि दोघी-तिघींनी तुपाचा हात घेऊन गरम असतानाच वळा. साधा गूळ घेतला तर लाडू चिकट आणि मऊ राहतात.

महिला सभा. ‘पाणी मिळावे’ असा ठराव काही उपयोगाचा नाही. कोणत्या वॉर्डातला कोणता हातपंप, कधीपासून बंद, किती दिवसांत दुरुस्त हवा, हे लिहा. सह्या सभेतच घ्या. घरोघर वही फिरवून घेतलेल्या सह्यांमुळे ठराव पुढे खोटा ठरू शकतो. महिला सभेनंतर किमान दहा जणींनी ग्रामसभेलाही बसावं, नाहीतर ठराव वाचलाच जात नाही. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांनाही हाच क्रम ठेवा. ऑक्टोबरात घराच्या नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावून घेण्याचे अर्ज एकदम भरा. एकटीने मागितलं तर घरात वाद होतो, चाळीस घरांचे अर्ज गेले की ती गावाची रीत होते.

8 मार्चला सत्कार आणि भाषणं कमी करून हिमोग्लोबिन तपासणी ठेवा. आरोग्य उपकेंद्राला महिनाभर आधी पत्र द्या. 12 च्या खाली (गरोदर बाईला 11 च्या खाली) रक्त कमी समजतात, 8 च्या खाली असेल तर त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. शिबिर फसतं ते पुढे: आकडे कुणाच्याच वहीत राहत नाहीत. नाव, आकडा, तारीख लिहा आणि जूनमध्ये त्याच बायकांची पुन्हा तपासणी करा. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे आधी सांगितलं नाही तर बायका गोळ्या बंद करतात.

अक्षय्य तृतीयेच्या आधी लग्नसराईत मुलींच्या वयाकडे लक्ष असू द्या. शाळेच्या दाखल्यावर 18 पूर्ण नसेल तर आधी घरी जाऊन बोला, ऐकलं नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) कळवा किंवा 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. फोन करणारीचं नाव गटाबाहेर जाऊ देऊ नका.

पावसाळ्याच्या तोंडाला पाणी तपासा. एचटूएस बाटलीत (पाण्यातले जंतू दाखवणारी तपासणीची बाटली) खुणेपर्यंत पाणी भरा, बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, नाहीतर आपल्याच हाताचे जंतू दिसतात. 24 ते 48 तास उबेला ठेवा. पाणी काळं पडलं तर ते दूषित. लगेच जलसुरक्षकाला (गावाच्या पाण्याची शुद्धता पाहणारा ग्रामपंचायतीचा माणूस) सांगा आणि टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं पाहा. तोंड उघडं राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग विहिरीत कितीही टाकली तरी पाणी शुद्ध होत नाही.

श्रावणात नागपंचमी, मंगळागौरीचे खेळ खेळा, त्यात फार काही भरू नका. वर्षातून एकदा तरी बायकांनी फक्त हसावं-नाचावं.

आश्विनात भोंडला रात्री साडेसात-आठला, काढणीहून आल्यावर. खिरापत शेंगदाणा-गुळाची किंवा राजगिऱ्याची ठेवली की किशोरवयीन मुलींच्या आहाराचं बोलणं खिरापत ओळखतानाच निघतं, वेगळा वक्ता लागत नाही.

प्रत्येक कार्यक्रमानंतर आठ दिवसांत वहीत हजेरी, खर्च, उरलेली रक्कम आणि न झालेलं काम लिहा. पुढच्या मार्गशीर्षात आखणी सुरू करताना आधी तेवढं न झालेलं काम वाचायचं.